शाफ्ट अलाइनमेंट: डायल गेज घ्यायचा की लेझर?

मोटर-पंप अलाइनमेंटची सर्व्हिस सुरू करायची म्हटली की पहिला प्रश्न हाच. डायल गेजचा सेट काही हजारांत होतो, लेझर किट लाखांत जातं. मग कर्ज काढून लेझर घ्यायचं का? माझं मत विचाराल तर, लगेच नाही.

डायल गेज 0.01 मिमीपर्यंत दाखवतो. 1500 आरपीएमच्या साध्या पंपाला तेवढं पुरतं. पण हिशोब पक्का हवा. कपलिंगच्या घेरावर वर-खाली 0.20 चा फरक आला, तर शाफ्टमधला खरा फरक निम्मा, म्हणजे 0.10. तिथे 0.20 ची शिम टाकली की काम बिघडलंच! शिवाय ब्रॅकेट स्वतःच्या वजनाने वाकतो. आधी तो जाड, सरळ पाइपवर बांधा, वर शून्य लावा आणि पाइप अर्धा फिरवा. खाली काटा जे दाखवेल, ते मशीनवरच्या खालच्या रीडिंगमधून चिन्हासकट वजा करायचं. बरेच जण इथेच कंटाळा करतात.

लेझरला ही वाकण्याची भानगड नाही. मोटर सरकवताना आकडे स्क्रीनवरच बदलतात, वर रिपोर्टही मिळतो. मोठ्या कंपन्यांना बऱ्याचदा तो रिपोर्टच हवा असतो. अशी कामं नियमित यायला लागली, की लेझर घ्या.

मात्र मोटरचा एक पाय हवेत असेल, तर दोन्ही फुकट. मेन स्विच बंद करून एकेक बोल्ट सैल करा, पायावर डायल लावून बघा. 0.05 पेक्षा जास्त उचलला, तर आधी तिथे शिम.