दहा किलोतले साडेपाच

धुळ्याहून जळगावकडे येताना पारोळ्याच्या पुढे, रस्त्याकडेच्या एका अंगणात ताडपत्रीवर चिंचेचा ढीग दिसला. त्याचा आंबूस-गोड वास गाडीतही आला, म्हणून उतरले. एप्रिलचं ऊन, पारा चाळिशीपार. पत्र्याच्या सावलीत बाया चिंच फोडत बसल्या होत्या.

व्यापारी झाडं उक्ती घेतो, गडी फांद्या झोडपतात, वेचलेली चिंच उन्हात वाळते. त्यापुढचं सगळं बोटांचं काम. मोगरीचा ठोका असा बसायला हवा की टरफल तडकेल, पण चिंचोका फुटणार नाही. मग शिरा ओढायच्या, गर चिरायचा, चिंचोके एकेक करून काढायचे.

कडेला बसलेल्या आक्कांच्या हातांवरून माझी नजर हटेना. पेरांच्या भेगांत काळा गर भरलेला. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल आठ ते अठरा टक्के असतं. ते भेगेत किती झोंबतं, हे मला विचारावं लागलं नाही. शेजारी खोबरेल तेलाची वाटी होती आणि त्या मधूनमधून तीत बोटं बुडवत होत्या.

"दहा किलोमा साडेपाच निंघस, ताई. बाकी चिचोका नि टरफल."

आक्कांचा अंदाज अचूक आहे. चिंचेत गर ५५ टक्के, चिंचोका ३४ आणि टरफल-शिरा मिळून ११. मजुरी मात्र स्वच्छ गराच्या किलोवर. म्हणजे फोडायचे दहा आणि पैसे साडेपाचाचे.

हे मला सहन होत नाही, कारण चिंचोका उकिरड्यावर जात नाही. त्याची पूड सुताला खळ द्यायला आणि कापडछपाईचा रंग दाट करायला लागते. व्यापारी तो वेगळा विकतो. आक्कांनी सोडवलेला प्रत्येक चिंचोका त्याच्या काट्यावर चढतो, त्यांच्या हिशेबात मात्र येतच नाही. कापूस वेचून झालेला, खरिपाची पेरणी लांब. या दिवसांत गावात दुसरं काम थोडं, त्यामुळे दर पडला तरी कोणी उठून जात नाही.

महामार्ग चौपदरी होताना रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, त्याबद्दल आपण हळहळतो. तेवढीच हळहळ या हातांसाठीही हवी. व्यापाऱ्यांनी चिंच फोडायला देतानाच तोलावी आणि त्या वजनावर मजुरी द्यावी. दहा किलो फोडले, तर दहा किलोचे पैसे.