काळ्या पाण्यावरचा बिनतारी खांब

मे महिन्याचा तिसरा आठवडा उलटला, की आमच्या नाशिक जिल्ह्यात एक बातमी मोठ्या आस्थेने ऐकली जाते. मोसमी पाऊस अंदमानात दाखल झाला! निफाड-सिन्नरचा शेतकरी ती ऐकतो, नांगरलेल्या रानातले एखादे ढेकूळ पायाने फोडतो आणि मनात तीन आठवडे मोजतो. अंदमान कुठे आणि सिन्नर कुठे! पण तिथल्या पहिल्या सरीची वार्ता आपल्या ओसरीवर येते. ती पूर्वी कशी येत असे, हे मात्र कुणी विचारीत नाही.

अंदमानचे नाव नाशिककराला आणखी एका कारणाने ठाऊक आहे. भगूरच्या सावरकर बंधूंपैकी बाबारावांना जून 1909 मध्ये जन्मठेप झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि पुढच्या खटल्यांतून तात्यारावही काळ्या पाण्यावर गेले. 4 जुलै 1911 रोजी ‘महाराजा’ बोटीने त्यांना पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर उतरवले. दोघे भाऊ 1921 पर्यंत तिथे होते. घरी पत्र किती, तर वर्षाकाठी एक! घराकडे निघालेली खुशाली आधी बोटीची वाट बघणार, मग साहेबाच्या कात्रीखालून जाणार, मग रेल्वेत बसणार.

आणि त्याच पोर्ट ब्लेअरमध्ये, दोघे भाऊ तिथे पोचण्याच्या पाच-सहा वर्षे आधीपासूनच, उंच खांबावर तारा ताणून बसलेले एक बिनतारी ठाणे होते. समुद्राच्या तळातून केबल टाकायची म्हणजे खर्चाचे काम. सरकारने त्याऐवजी ही नवी विद्या वापरली आणि 1905 च्या सुमारास पोर्ट ब्लेअर थेट ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळच्या डायमंड बेटाशी बोलू लागले. अंतर सुमारे 300 मैल, मध्ये नुसते पाणी. मार्कोनीने अटलांटिकपलीकडून पहिली खूण पकडली 1901 च्या डिसेंबरात. म्हणजे विद्या अजून पाळण्यातच होती. सेल्युलर तुरुंगाचे बांधकाम पुरे झाले ते 1906 साली. एकाच गावात, जवळजवळ एकाच वेळी, माणसाचा आवाज कोंडण्याची आणि माणसाचा आवाज 300 मैल फेकण्याची अशी दोन्ही यंत्रे उभी राहिली. कैद्यांनी आपली तिसरी सोय काढली होती. कोठडीच्या भिंतीवर टकटक करून ते शेजाऱ्याला निरोप पोचवीत. तीही एका अर्थी तारच.

या ठाण्यांत माणसे दिवस कसे काढीत? लहानपणी आमच्या वाड्यात तारखात्यातले एक पेन्शनर आजोबा राहत. लढाईपूर्वी त्यांनी पूर्व किनाऱ्यावरच्या एका ठाण्यावर नोकरी केली होती. बोलणारे गृहस्थ, पण ओसरीवरच्या घड्याळात सव्वा झाला किंवा पाऊण झाला, की एकदम गप्प व्हायचे. आम्हा पोरांना मोठी गंमत वाटे. पुढे उलगडा झाला. बोटींच्या हाकेसाठी 600 मीटरची लहर राखून ठेवलेली असे, आणि दर तासाला पंधराव्या व पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटे त्या लहरीवर सगळ्यांनी मौन पाळायचे असा दंडक होता. ठाण्यातल्या घड्याळाच्या तबकडीवर तेवढे दोन भाग तांबडे रंगवलेले असत. त्या वेळात कुणी बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. दूर कुठे बुडणाऱ्या बोटीचे क्षीण ‘तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे’ गलक्यात हरवू नये म्हणून. आजोबांचा हात पेन्शनीनंतरही वहीकडे जाई. ‘काही ऐकू आले नाही’ हेसुद्धा वेळ टाकून लिहायचे असते, असे ते सांगत. वर्षानुवर्षे ‘काही ऐकू आले नाही’ असे लिहिण्याबद्दल पगार घेणारा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही!

काम म्हणाल तर चोवीस तासांचे, पाळीपाळीने. दोन्ही कान कर्णयंत्रात कोंबलेले. जुन्या ठिणगीच्या यंत्राची किल्ली दाबली की कडाड् कडाड् आवाज बाहेरच्या वाटसरूलाही ऐकू जाई आणि खोलीत विजेचा उग्र वास भरे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जगभर ही यंत्रे मागे पडून व्हॉल्व्हची आली. आवाज गेला, वास गेला, पल्ला वाढला. बाकीची मशागत तशीच राहिली. तेलाचे इंजिन चालू ठेवा, बॅटऱ्यांना शुद्ध पाणी पाजा, चिनी मातीच्या चिमण्यांवर बसलेले खाऱ्या वाऱ्याचे मीठ पुसून काढा. पोर्ट ब्लेअरला वर्षाला 120 इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि तेव्हा हिवतापाचा जोर दांडगा. पावसाळ्यात आभाळातल्या विजांची अशी चरचर कानात घुसे, की शेजारच्या बोटीचे बोलणेही वेचून घ्यावे लागे. या चरचरीला तारमास्तरांच्या सांकेतिक भाषेत ‘क्यूआरएन’ अशी तीन अक्षरे होती. वैतागाला इतके आटोपशीर नाव क्वचितच मिळाले असेल. रात्री मात्र लहरींचा पल्ला वाढे आणि दिवसा मुक्या असणाऱ्या लांबलांबच्या बोटी कानाशी येऊन गुणगुणू लागत.

डायमंड बेटाची तऱ्हा याहून एकाकी. इवलेसे बेट, बसीन नदीच्या मुखाशी. त्याची ख्याती काय, तर तिथे कासवे रात्री वाळूत अंडी घालायला येतात! बाजारहाट, वाणसामान, पत्रे, सगळे नावेवर अवलंबून. जगातल्या बातम्या सगळ्यांच्या आधी ऐकायच्या आणि ताजी भाजी सगळ्यांच्या शेवटी खायची, असा हा संसार.

आणि धोका नव्हता असेही नाही. 1914 साली ‘एम्डेन’ ही जर्मन युद्धनौका बंगालच्या उपसागरात शिरली आणि 22 सप्टेंबरच्या रात्री तिने मद्रासवर तोफा डागल्या. ती अंदमानवर येऊन कैदी सोडवणार, अशी आवई तुरुंगाच्या भिंतीआडही पोचली होती. ती अंदमानला आली नाही. 9 नोव्हेंबरला ती गेली कोकोस बेटांवर, तिथले बिनतारी ठाणे मोडायला. तिथल्या तारमास्तरांनी खांब कोसळण्याआधी अनोळखी जहाज आल्याची हाक दिली, ती ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ युद्धनौकेपर्यंत पोचली आणि ‘एम्डेन’ची कारकीर्द त्याच दिवशी संपली.

शांततेच्या काळात खरे महत्त्व होते ते हवामानाच्या तारेला. बंगालच्या उपसागरातली कितीतरी वादळे अंदमानच्या आसपास जन्म घेतात. पोर्ट ब्लेअरच्या वायुभारमापकातला पारा किती उतरला, वारा कुठला, पाऊस किती, हे आकडे किल्लीवरून निघत. 1928 साली हवामानखात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्याला आले. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या अशा आकड्यांवरच हवेचा नकाशा उभा राहतो. त्यात समुद्रापलीकडचा तो एक ठिपका नसता, तर पूर्वेकडची बाजू कोरीच राहिली असती.

1932 पासून सेल्युलर तुरुंग पुन्हा राजबंद्यांनी भरू लागला. 1933 च्या उपोषणात तिघांचा बळी गेला. जुलै 1937 मध्ये पुन्हा मोठे उपोषण सुरू झाले आणि या खेपेस सारा देश हलला. रवींद्रनाथांनी, काँग्रेस कार्यकारिणीने आणि अखेर गांधीजींनी उपोषण सोडण्याची विनंती केली. ऑगस्टच्या शेवटी ते सुटले. पोर्ट ब्लेअरला केबल नव्हतीच, तेव्हा तातडीचा प्रत्येक शब्द त्या खांबावरूनच उतरला असला पाहिजे. ज्या गावातून घरी वर्षाला एक पत्र सुटत असे, तिथे आता रोजच्या रोज देशाची विचारपूस येऊन थडकत होती. किल्लीवर बसलेल्या माणसाला सगळे वाचता येत होते, आणि बोलायची मात्र मुभा नव्हती. नोकरीची शपथच तशी. 1938 च्या आरंभापर्यंत राजबंदी मायदेशी परतले.

पुढे चारच वर्षांनी, 8 मार्च 1942 ला रंगून पडले आणि 23 मार्चला जपानी फौजा पोर्ट ब्लेअरला उतरल्या.

आता त्या विद्येचे दिवस सरले. समुद्रावरची मोर्सची सक्ती 1999 साली संपली, आपल्या देशातली साधी तारही जुलै 2013 मध्ये बंद झाली. समुद्रतळाची केबल अंदमानला मिळाली ती 10 ऑगस्ट 2020 रोजी, चेन्नईहून, सुमारे 2,300 किलोमीटर लांबीची. पोर्ट ब्लेअरचे नावही 2024 साली बदलून श्री विजयपुरम झाले. मे महिन्यात मात्र आमच्याकडे अजून तीच बातमी ऐकली जाते आणि लोक तीन आठवडे मोजू लागतात. आमचे आजोबा तर ती कानावर आली, की घड्याळ बघून आधी वेळ विचारीत: किती वाजताचे निरीक्षण म्हणाले हो?