सही एकदाची, रक्त कायमचे

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीत हवासुपाई ही काहीशे माणसांची आदिवासी जमात राहते. जमातीत मधुमेहाचे प्रमाण फार. म्हणून १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना लोकांनी रक्त दिले, संमतिपत्रावर सह्याही केल्या.

२००३ मध्ये जमातीतील एक विद्यार्थिनी त्याच विद्यापीठात एका प्रबंधाचे सादरीकरण ऐकायला गेली, तेव्हा या रक्तावर इतरही संशोधन झाल्याचे तिला कळले. स्किझोफ्रेनिया, जमातीतील जवळच्या नात्यांतील विवाह, पूर्वजांचे स्थलांतर! आपण या दरीतच जन्मलो, अशी या लोकांची श्रद्धा. तिलाच धक्का बसला. पुढे कोर्टकज्जे झाले. २०१० मध्ये तडजोड होऊन ४१ जणांना सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेले रक्त जमातीला परत करण्यात आले.

आता गंमत अशी, की संमतिपत्रातील शब्द मोघम होते. कागदावर सगळे त्यात बसत होते. पण सांगताना मधुमेहच सांगितला गेला, असे लोकांचे म्हणणे होते. सही म्हणजे संमती नव्हे. समजून दिलेला होकार म्हणजे संमती.

‘नाव काढून टाकले की झाले’, असेही आपल्याला वाटते. ते पुरेसे नाही. लताण्या स्वीनी या संशोधिकेने दाखवून दिले, की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा पोस्टाचा क्रमांक एवढ्यावरून सुमारे ८७ टक्के अमेरिकन माणसे वेगळी ओळखता येऊ शकतात. छोट्या गावातला दुर्मीळ आजाराचा रुग्ण तर नावाशिवायही सर्वांना ठाऊक असतो.

याचा अर्थ संशोधनाला नकार द्यावा, असा मुळीच नाही. रुग्णांनी माहिती दिली नसती, तर आजची कितीतरी औषधे निघालीच नसती. पण विश्वास दुहेरी हवा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला तिला समजेल अशा भाषेत माहिती मिळाली पाहिजे, आणि उपचारांवर परिणाम न होता केव्हाही माघार घेता आली पाहिजे.

तेव्हा सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हे कशासाठी? पुढे आणखी कशासाठी वापरणार? कोणाकोणाला देणार? मी नको म्हटले तर काय? डॉक्टरांना असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. उत्तर नीट मिळाले, तर सही खुशाल करावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)