मनोरंजन उद्यानांतील शैक्षणिक दालनांचा ऱ्हास

मनोरंजन उद्यानांतील शैक्षणिक दालनांचा ऱ्हास म्हणजे विज्ञान, इतिहास, शेती, उद्योग इत्यादी विषयांची ओळख करून देण्यासाठी उभारलेली दालने बंद होऊन त्यांच्या जागी चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका किंवा लोकप्रिय पात्रांवर आधारलेली आकर्षणे येण्याची प्रक्रिया होय. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातले एपकॉट हे उद्यान या प्रक्रियेचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे. महाराष्ट्रात तिचे स्वरूप काहीसे वेगळे आहे. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका हे उद्यान आरंभापासूनच कथा व पात्रांभोवती रचलेले असल्याने तेथे जुने शैक्षणिक दालन मोडून नवे बांधण्याची वेळ आली नाही. शाळांच्या सहली मात्र तेथे जातात आणि त्यांना ‘शैक्षणिक सहल’ असेच म्हटले जाते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकापासून युरोप व अमेरिकेत भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनांतून नवी यंत्रे, दिवे, वाहने सामान्य लोकांना दाखवली जात. हाच वारसा संकल्पना उद्यानांनी, म्हणजे रोजच्या बोलण्यातील थीम पार्कांनी, उचलला. १९५५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या डिस्नेलँडच्या ‘टुमॉरोलँड’ विभागात मोन्सँटो या कंपनीचे रसायनशास्त्राचे दालन होते. १९५७ साली त्याच कंपनीने तेथे प्लॅस्टिकचे ‘भविष्यातील घर’ उभारले. जाहिरात आणि शिक्षण यांची सरमिसळ या दालनांत पहिल्यापासूनच होती, ही गोष्ट त्यांच्या गोड आठवणी काढताना बहुधा विसरली जाते.

भारतात मात्र या दोन गोष्टींची वाटणी आधीच झालेली होती. विज्ञान समजावून सांगण्याचे काम प्रामुख्याने शासकीय संस्थांकडे राहिले. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या अखत्यारीतील मुंबईच्या वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्रात १९७९ साली मुलांसाठी विज्ञान उद्यान खुले झाले व १९८५ साली संपूर्ण केंद्राचे उद्घाटन झाले. पाळणे, घसरगुंड्या व आगगाड्या खाजगी उद्यानांकडे आल्या: दिल्लीत १९८४ साली अप्पू घर, तर मुंबईत गोराई येथे १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. परिणामी भारतीय प्रेक्षकाला उद्यानात जाऊन काही शिकण्याची सवय फारशी लागलीच नाही. शिकण्यासाठी संग्रहालय आणि मजेसाठी उद्यान, अशी विभागणी त्याच्या मनात पक्की झाली.

एपकॉटचे उदाहरण

एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ रोजी सुरू झाले. त्याच्या पुढच्या भागातील प्रत्येक मोठे दालन एकेका विषयाला वाहिलेले होते: ऊर्जा, दळणवळण, शेती, कल्पनाशक्ती, आणि पुढे समुद्र. बहुतेक दालनांचा खर्च एखादी मोठी कंपनी प्रायोजक म्हणून उचलत असे. ऊर्जेच्या दालनाची प्रायोजक एक्सॉन ही तेल कंपनी होती. छतावर सौरपट्ट्या बसवलेल्या या दालनात प्रेक्षकांची आसने हळूहळू सरकत प्राचीन जंगलातून व डायनासोरांच्या हलत्या प्रतिकृतींमधून जात, आणि खनिज इंधनांचा काळ किती जुना आहे हे त्यांना दिसत असे.

२००४ साली एक्सॉनचे प्रायोजकत्व संपले. ऑगस्ट २०१७ मध्ये दालन बंद झाले आणि त्याच वास्तूला नवी इमारत जोडून मे २०२२ मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या चित्रपटांवर आधारित रोलर कोस्टर सुरू झाला. इतर दालनांची गत थोड्याफार फरकाने तीच झाली. समुद्रविषयक दालनात ‘फाइंडिंग निमो’ची पात्रे आली, तर नॉर्वेच्या दालनातील सागरी इतिहासाची नौकायात्रा २०१४ मध्ये बंद होऊन २०१६ पासून तेथे ‘फ्रोझन’ची राइड चालते. भविष्यातील जीवनाचे चित्र रंगवणारे ‘होरायझन्स’ हे दालन १९९९ मध्ये कायमचे बंद झाले. तेथे आलेल्या अंतराळ-राइडला मात्र कोणत्याही चित्रपटाचा आधार नव्हता. शेतीच्या दालनातील नौकायात्रा अजून टिकून आहे. तिच्यातील नावा चालू हरितगृहांमधून जातात व तेथील पिके खरीखुरी असतात.

कारणे

सर्वांत मोठे कारण म्हणजे ज्ञान शिळे होते. ऊर्जेविषयी १९८२ मध्ये लिहिलेली संहिता वीस वर्षांनी कालबाह्य ठरते आणि ती बदलायची तर दालन बंद ठेवून मोठा खर्च करावा लागतो. परीकथेतील राजकन्येला अशी मुदत नसते. दुसरे कारण आर्थिक आहे. प्रायोजक कंपनी असेपर्यंत दालनाचा खर्च तिच्या जाहिरातीच्या खात्यातून निघतो. ती गेली की तोच खर्च तिकिटावर येतो. ओळखीच्या पात्राची राइड असली तर बाहेर पडणाऱ्या मुलाला त्याच पात्राची बाहुली, टोपी वा सदरा विकता येतो. उष्मागतिकीच्या नियमाची बाहुली कोणी विकत घेत नाही.

याखेरीज वेळेचाही प्रश्न असतो. राइड काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात अनोळखी विषय मांडणे अवघड, पण ओळखीच्या गोष्टीतील एखादा प्रसंग दाखवणे सोपे. उरलेली कथा प्रेक्षक घरूनच घेऊन येतो. २०१० साली फ्लोरिडातील युनिव्हर्सलच्या उद्यानात हॅरी पॉटरचा विभाग सुरू होऊन त्याला प्रचंड गर्दी झाली. त्यानंतर जगभरच्या उद्यानांची गुंतवणूक अधिक वेगाने या दिशेला वळली.

खालापूर: इमॅजिका

अ‍ॅडलॅब्स या चित्रपटप्रक्रिया संस्थेमुळे ओळखले जाणारे मनमोहन शेट्टी यांनी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गापासून जवळ, खोपोली–पाली रस्त्यावर हे उद्यान उभारले. एप्रिल २०१३ मध्ये ते प्रेक्षकांसाठी खुले झाले. पुढे त्याला जल उद्यान, हॉटेल व हिम उद्यान जोडले गेले. कर्जाचा भार वाढल्यानंतर २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनी ताब्यात घेतली. याच समूहाचे शिर्डी येथे साईतीर्थ हे भक्तिविषयक संकल्पना उद्यान आहे.

संस्थापकाची चित्रपटसृष्टीतील पार्श्वभूमी उद्यानाच्या रचनेत स्पष्ट दिसते. १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’ या हिंदी चित्रपटावर तेथे राइड आहे, अलीबाबाच्या कथेवर दुसरी आहे, आणि पुढील काळात ‘छोटा भीम’ या दूरचित्रवाणीवरील पात्राची राइडही आली. ‘आय फॉर इंडिया’ या आकर्षणात प्रेक्षकांची आसने मोठ्या पडद्यासमोर अधांतरी उचलली जातात व देशातील निसर्गस्थळे आणि वास्तू आकाशातून पाहिल्याचा भास होतो. भूगोलाच्या पाठाला उद्यानातील सर्वांत जवळचे आकर्षण हेच म्हणता येईल.

‘राजासॉरस’ नावाची जलराइड या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगी आहे. तिच्यातील नावा डायनासोरांच्या प्रतिकृतींमधून जातात व अखेरीस उतारावरून पाण्यात कोसळतात. राजासॉरस हा प्राणी काल्पनिक नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८०च्या दशकात गुजरातमधील रहिओली येथे त्याचे जीवाश्म उकरून काढले आणि २००३ साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे त्याचे नामकरण झाले. डोक्यावर छोटे शिंग असलेला हा मांसाहारी प्राणी क्रेटेशियस कालखंडाच्या अखेरीस वावरत होता. सह्याद्री ज्या लाव्हापासून बनला त्याचे महाप्रचंड उद्रेकही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे साधारण त्याच सुमारास झाले. उद्यानाच्या पायाखालचा काळा कातळ हा त्याच लाव्हाचा आहे. एपकॉटच्या ऊर्जा दालनातील डायनासोर काही सांगण्यासाठी उभे केले होते. येथील डायनासोर भीतीचा क्षण देतो, आणि दोन पावलांवरच्या डोंगरकड्याशी असलेले त्याचे नाते न सांगितलेलेच राहते.

चित्रपटाचा असाच प्रभाव कर्जतजवळच्या एन. डी. स्टुडिओत दिसतो. कला-दिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली उभारलेल्या या स्टुडिओत ‘जोधा अकबर’ (२००८) या चित्रपटासाठी मुघल राजवाड्यांचे भव्य नेपथ्य बांधले गेले. पुढे पर्यटकांनाही स्टुडिओ पाहता येऊ लागला. येथे इतिहासाची भेट होते ती चित्रपटाच्या भिंतींतून.

परिसरातील शैक्षणिक स्थळे

वस्तुतः कर्जत व खालापूर हे तालुके शालेय अभ्यासक्रमातील उदाहरणांनी भरलेले आहेत. खोपोलीचे जलविद्युत केंद्र टाटा समूहाने १९१५ साली सुरू केले. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेले पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येते व त्यावर जनित्रे फिरतात; त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालल्या. एक लिटर पाणी ५०० मीटर खाली येताना सुमारे ४,९०० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. हाच नियम रोलर कोस्टरलाही लागू पडतो: घर्षण नगण्य मानले, तर ४० मीटर खाली येणाऱ्या डब्याचा वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर होतो. डब्याचे वस्तुमान कितीही असले तरी हा वेग बदलत नाही. अमेरिकेतील अनेक उद्यानांत याच कारणासाठी शाळांकरिता ‘भौतिकशास्त्र दिन’ भरवला जातो.

कर्जतपासून बोरघाट चढणारा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांत एक फूट इतका तीव्र आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जत स्थानकात मागून ढकलणारी जादा इंजिने, बोलीभाषेत ‘बँकर’, जोडली जातात. तेवढ्या वेळात फलाटावर बटाटेवडे घेणाऱ्या प्रवाशांना या थांब्याचे कारण ठाऊक असतेच असे नाही. राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यांत इसवी सनापूर्वीच्या काळातील चैत्यगृह असून कण्हाचा शिष्य बलक याने ते घडवल्याचा ब्राह्मी लेख तेथे आहे. खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या सैन्याची कोंडी केली.

ही स्थळे उद्यानांशी स्पर्धा करू शकत नाहीत याचे कारण बरेचसे व्यावहारिक आहे. दोनशे मुलांच्या सहलीला बस उभी करण्यास जागा, स्वच्छतागृहे, एकत्र जेवण आणि पावसापासून आडोसा लागतो. उद्यानात या सर्व गोष्टी एका तिकिटात मिळतात. वीजकेंद्र हे तिकीट काढून पाहण्याचे ठिकाण नव्हे, आणि लेण्यापर्यंत चालत जावे लागते. वर्गशिक्षकावर मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असल्याने त्याने कुंपण असलेली जागा निवडणे समजण्यासारखे आहे.

मतभेद व अन्य प्रयोग

पात्रांवर आधारित आकर्षणांनाही शैक्षणिक मूल्य असू शकते, असा एक पक्ष आहे. निमोच्या निमित्ताने आलेले मूल त्याच इमारतीतील खऱ्या माशांच्या प्रचंड टाकीसमोर थांबते, हा त्याचा नेहमीचा दाखला. टाकी तेथे आधीपासून होती आणि चित्रपट नंतर आला, हे त्यावरचे उत्तर आहे. पात्र काढून घेतल्यावर पाहण्यासारखे काही उरते का, हा या वादातील खरा मुद्दा होय.

महाराष्ट्रात इतिहासाला वाहिलेले उद्यान उभारण्याचा मोठा प्रयत्न पुण्याजवळ आंबेगाव येथील शिवसृष्टीच्या रूपाने चालू आहे. बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेतील या प्रकल्पाचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. कर्जत तालुक्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा बाग १९८०च्या दशकापासून कृषी पर्यटन केंद्र म्हणून चालते. नांगरणी, चिखलणी व लावणी टाळून गादीवाफ्यांवर भात घेण्याची ‘सगुणा भात तंत्र’ ही पद्धत येथेच विकसित झाली. येथे येणाऱ्या शहरी मुलांना चालू शेत, तळ्यातील मासे व म्हशी पाहता येतात.