अर्धवट निरोप आधी

एकाच संगणकात चार-पाच आभासी संगणक नांदतात आणि प्रत्येकाला वाटतं, घर आपल्या एकट्याचं. हा समज टिकवणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायजर. त्याच्या बोलीत आभासी यंत्र म्हणजे ‘गेस्ट’, पाहुणा. या पाहुण्यासाठी सतत निरोप येत असतात. नेटवर्कवर पाकीट आलं, टायमर वाजला, असा बाहेरचा निरोप म्हणजे इंटरप्ट. चालू इन्स्ट्रक्शनच अडखळली, समजा शून्यानं भागायला निघाली, तर ते एक्सेप्शन.

इंटेलने २००५मध्ये प्रोसेसरमध्येच आभासी यंत्रांची सोय केली. तिथे निरोपाची चिठ्ठी अवघ्या ३२ बिटांची: आठ बिटांत निरोपाचा क्रमांक, तीन बिटांत प्रकार, शेवटच्या बिटात ‘चिठ्ठी ग्राह्य’ अशी खूण. हायपरव्हायजरला पाहुण्याच्या खोलीत शिरताना एका वेळी एकच चिठ्ठी नेता येते. मग आधी कोणती न्यायची?

‘सगळ्यात तातडीची’ हे उत्तर सुचतं, आणि ते चुकतं.

समजा, नेटवर्कचा इंटरप्ट द्यायला घेतलाय. प्रोसेसर पाहुण्याच्या स्टॅकवर आधीच्या कामाचा पत्ता लिहून ठेवायला जातो, तर स्टॅकचं ते पान मेमरीत नाहीच. यजमान संगणकाने ते मघाशी डिस्कवर हलवलेलं. काम तिथेच थांबतं, ताबा हायपरव्हायजरकडे येतो. ‘अमुक निरोप देता देता थांबलो’ हे प्रोसेसर एका वेगळ्या रकान्यात लिहून ठेवतो. हायपरव्हायजरने पान परत आणायचं आणि तोच निरोप पुन्हा चिठ्ठीवर उतरवायचा. दरम्यान एनएमआय, म्हणजे सहसा अडवता न येणारा इंटरप्ट आला, तरी तो मागे. लिनक्समध्ये २००७पासून असलेल्या केव्हीएम या हायपरव्हायजरचा कोडही आधी अर्धवट निरोप पुरा करतो, नवे नंतर बघतो.

हा रकाना वाचायचा राहिला तर? आभासी एपिक म्हणजे पाहुण्याचे इंटरप्ट सांभाळणारा कारकून; त्याच्या नोंदीत तो इंटरप्ट पाहुण्याकडे पोचलेला असतो. पाहुण्याला तर त्याचा पत्ताच नाही. तो पोच कसली देणार? आणि पोच मिळेपर्यंत प्राधान्याच्या त्या पायरीचे आणि खालच्या पायऱ्यांचे सगळे इंटरप्ट अडून बसतात. यंत्र चालू दिसतं, नेटवर्क मात्र मुकं. असला दोष शोधणं म्हणजे डोकेदुखीच, कारण चूक घडते एकीकडे आणि बोंब उठते भलतीकडे.

पेज फॉल्ट, म्हणजे हवं ते पान हाती न लागल्याचं एक्सेप्शन, त्या मानाने बरा. तो हरवला तरी तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालते, पुन्हा अडखळते, निरोप आपसूक परत येतो.

पण पेज फॉल्ट पोचवताना पाहुण्याच्याच पानांच्या कोष्टकातल्या चुकीमुळे दुसरा पेज फॉल्ट झाला, तर दोन चिठ्ठ्या रांगेत लावून भागत नाही. दोहोंचा मिळून आठ क्रमांकाचा ‘डबल फॉल्ट’ करायचा, हा हिशेब हायपरव्हायजरला येत असावा लागतो. तोही पोचवताना तसाच घोटाळा झाला, तर द्यायला चिठ्ठीच उरत नाही. पाहुणा कोसळतो, बहुधा नव्याने सुरू केला जातो. शेजारच्या खोल्यांत कुणाला चाहूलही लागत नाही.