रेल्वे डब्यांतील जैव-शौचालय : रचना, बिघाड व दुरुस्ती

चालत्या वाहनातील शौचालयाची दुरुस्ती ही पाश्चात्त्य देशांत निवासी मोटारगाडीच्या मालकाची खाजगी अडचण असते. गोंदिया जिल्ह्यात तिचे स्वरूप सार्वजनिक आहे. हावडा-मुंबई मार्गावरील गोंदिया जंक्शन येथे मुंबईहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस व कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस यांचा प्रवास संपतो. यांपैकी दुसरीचा प्रवास एका दिवसाहून अधिक काळाचा आहे. एवढ्या अवधीत डब्यातील मोजक्या शौचालयांवरच सर्व प्रवाशांची भिस्त असते.

पूर्वी मैला सरळ रुळांवर पडत असे. त्यामुळे रूळ गंजतात, याकडे लक्ष वेधून डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये ही पद्धत बंद करण्याची शिफारस केली. तत्पूर्वीच, २०११ मध्ये, ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्स्प्रेसमध्ये जैव-शौचालये बसविण्यात आली होती. मुळात हे तंत्र संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेने अतिशीत प्रदेशातील सैनिकांसाठी विकसित केले होते.

डब्याखाली बसविलेल्या पोलादी टाकीत प्राणवायूविना जगणारे जीवाणू असतात. ते मैल्याचे विघटन करतात. त्यातून पाणी, मिथेन व कार्बन डायऑक्साइड निर्माण होतात. वायू हवेत मिसळतात, तर पाणी क्लोरीनची प्रक्रिया होऊन बाहेर पडते. ही क्रिया सजीवांकडून होत असल्यामुळे टाकीत काय पडते, यावर सर्व काही अवलंबून असते. प्लॅस्टिकची बाटली, गुटख्याची पुडी, कापड किंवा सॅनिटरी पॅड यांचे विघटन जीवाणूंना शक्य नसते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात २०१६-१७ या वर्षातील सुमारे २५ हजार जैव-शौचालयांत जवळजवळ २ लाख दोष नोंदविले असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक तुंबण्याचे आहेत. यंत्रणा सदोष असल्याची प्रवाशांची तक्रार सर्वस्वी निराधार नाही. तथापि बाटली यंत्रणा टाकीत टाकत नाही, हेही खरे.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. प्रथम पाण्याच्या जोरदार झोताने अडथळा हलविण्याचा प्रयत्न होतो. तो निष्फळ ठरल्यास डब्याखालील झडप उघडून अडकलेली वस्तू काढतात. टाकीच निकामी झाली असल्यास ती शोषण यंत्राने रिकामी करावी लागते. येथे यंत्राची जागा कर्मचाऱ्याच्या हाताने घेतली जाण्याचा धोका असतो. मैलावाहू कामास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात रेल्वेमार्गाचाही स्पष्ट उल्लेख आहे. रुळांवरील मैला थांबला, परंतु तो डब्याखाली हाताने उपसावा लागला, तर त्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने बदललेली असते ती केवळ जागा. म्हणून हातमोजे व मुखपट्टी यांपेक्षा शोषण यंत्र चालू स्थितीत असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

टाकी स्वच्छ झाल्यानंतर तीत जीवाणूंचे द्रावण नव्याने सोडावे लागते. त्यानंतर भांडे चकचकीत करण्यासाठी तीव्र आम्ल अथवा फिनाईल मुबलक ओतल्यास जीवाणू मरतात, दुर्गंधी सुरू होते आणि तीच टाकी पुन्हा उपसण्याची पाळी येते.