कोंवळ्या जोंधळ्याचें विष

पावसानें ताण दिल्यामुळें खुरटलेला, अथवा कापणीनंतर पुन्हा फुटलेला कोंवळा जोंधळा गुरांस घातक होतो, हें वाचक जाणतातच. त्यांत 'धुरिन' नांवाचें द्रव्य असतें. डन्स्टन व हेन्री ह्यांनीं तें १९०२ सालीं शोधून काढिलें. पान चावलें जातांच त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटतें. मग रक्तांत प्राणवायु असूनहि शरीरास तो घेतां येत नाहीं. म्हणूनच रक्त लालभडक दिसतें. प्रस्तुत लेखकाचा एक बैल दावें तोडून अशा शेतांत शिरला व डॉक्टर येण्यापूर्वींच बांधावर गतप्राण झाला. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट हीं औषधें शिरेंतून वेळेवर मिळालीं तरच जनावर वांचण्याची आशा. फुलोरा येईपर्यंत गुरें आंत सोडूं नयेत. कापलेला कोंवळा चारा पूर्ण वाळवूनच घालावा.